मोठ्या जातीचं पिल्लू आणताय? आधी पंजे

पट्टा, दोरी, भांडी, जुन्या चादरी तुम्ही आणालच, त्या सांगत बसत नाही. गळा आवळणारी साखळी मात्र आणू नका, दुकानदार कितीही म्हणो. छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा घ्या आणि साधाच घ्या, बघता बघता तोकडा होतो.

पिल्लू यायच्या आधी घरातल्यांनी शब्द ठरवायचे. 'बस' तर सगळ्यांनी 'बसच'. आजी 'खाली बस' आणि नातू 'सीट' म्हणायला लागला की पिल्लू दोघांकडे आळीपाळीने बघत उभंच राहतं. अंगावर उडी मारली तर पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर टेकले की लाड करा. यातून पाहुण्यांनाही सूट नाही. आज गुडघ्याशी झेपावणारा लॅब्रेडॉर वर्षभरात तीस किलोच्या आसपास जातो आणि सवय तीच राहते.

आता मागच्या कुत्र्याच्या वेळी राहून गेलेली गोष्ट: पंजे, कान आणि तोंडाला हात लावू देणं. 'बस', 'थांब', 'ये' सगळं चोख येत होतं, पण नखं कापायची म्हटलं की धरायला चार माणसं आणि तरी दोनच नखं. लहान कुत्रं काखेत दाबून काम उरकता येतं, ग्रेट डेन दाबून दाखवा. म्हणून हे पहिल्या दिवसापासून, बाकी सगळं नंतर.

हात आधी खांद्यावर, तिथून सरकवत पायावर, पंजा क्षणभर धरायचा, सोडायचा, मग खाऊ. क्रम हाच. आधी खाऊ दाखवून पंजा पकडलात तर पिल्लू खाऊ बघूनच पाय पोटाखाली घेतं. पाय ओढून घेतला तर ओढाताण नको, पुढच्या खेपेला त्याहून कमी वेळ धरा. नेलकटर सुरुवातीला नुसता जमिनीवर ठेवा, हुंगू दे. मग नखाला टेकवा, कापू नका. मग एका दिवशी एकच नख, तेही टोकाचं. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, काळ्यात दिसत नाही. ती कापली गेली की रक्त येतं आणि पिल्लू ते बराच काळ लक्षात ठेवतं. ओठ उचलून दात बघा, कान उलटून आत बघा. रोज. कंटाळा आला तरी पंजे रोज.

बाहेरच्या जगाची भीड चेपण्याचा काळ साधारण 3 ते 14 आठवडे, आणि लसींचे डोस चालतात 16 आठवड्यांपर्यंत. डोस संपेपर्यंत घरात कोंडलंत तर तो काळ गेलाच. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गजन्य आजाराची, भीती खरी आहे, त्यामुळे अनोळखी कुत्री फिरतात तिथे खाली सोडायचं नाही. पण कडेवर घेऊन रहदारी, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसं, आरडाओरडा करणारी मुलं दाखवा. कडेवर मावतंय तोवरच हे जमतं. व्हेटकडेही सुई नसताना एकदा न्या, टेबलावर चढवा, खाऊ द्या, परत आणा. आणि त्या टेबलावर काय धरायचं? पंजे.

शिकवणी पाच मिनिटांची, पोट भरलेलं नसताना. खाऊ नखाएवढा, आणि तो दिवसाच्या जेवणातून वजा करा. मोठ्या जातीचं पिल्लू गुबगुबीत होणं सांध्यांना महागात पडतं. हाक मारल्यावर उशिरा आलं तरी रागावायचं नाही. औषध द्यायला किंवा आंघोळीला नेताना हाक मारू नका, तुम्हीच उठून जा. गुळगुळीत फरशीवर सराव नको. हाडांची वाढ दीड वर्षापर्यंत, थोराड जातींत त्याहूनही पुढे चालते, तोवर उंचावरून उड्या आणि सायकलमागे पळवणं बंद.

चौथ्या-सहाव्या महिन्यात दात बदलतात, चावायला काहीतरी द्या. त्यानंतर शिकलेलं विसरल्यासारखं वागेल, लांब दोरी बांधा आणि पुन्हा पहिल्यापासून. नसबंदी कधी ते व्हेटला विचारा. तोंडाच्या जाळीची सवय आत खाऊ टाकून लावा, दुखापत झाल्यावर लावायला गेलात तर जमणार नाही. पट्टा दर आठवड्याला बघा, खाली दोन बोटं जायला हवीत.