गो बांधायचा, पण कुठल्या गोने?

गो या प्रोग्रॅमिंग भाषेची तयार बायनरी (थेट चालणारी फाइल) उतरवायची नाही, मशीनवरच्या सी कंपायलरपासून (सी कोडचा मशीन कोड करणाऱ्या प्रोग्रॅमपासून) निघून, सोर्समधून एकेक आवृत्ती बांधत गो १.२४ पर्यंत जायचं, असं ठरवून बसलो होतो. २०१५ च्या १.५ आवृत्तीपासून गोचा कंपायलर गोमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे तो बांधायला आधीचा गो लागतो. सीमधली शेवटची आवृत्ती १.४. मी तिथून थेट १.२० वर उडी मारायला गेलो आणि एक संध्याकाळ पाण्यात गेली. खरी वाट अशी: १.४ वरून १.१७.१३, मग १.२०.६, मग १.२२.६ आणि त्यावर १.२४. सुरू करण्याआधी ही साखळी कागदावर मांडा.

१.४ चा मूळ सोर्स घेऊ नका. नव्या जीसीसीला (माझ्या सी कंपायलरला) त्या जुन्या कोडमध्ये खोड्या दिसतात आणि तिथे वॉर्निंगही एरर धरली जाते. बूटस्ट्रॅपसाठी, म्हणजे पुढचा गो बांधायची सुरुवात करण्यासाठी, डागडुजी केलेला १.४ चा २०१७ चा टारबॉल (सोर्सचं गाठोडं) आहे, तो घ्या. सीजीओ (गोला सी कोड जोडणारी सोय) बंद ठेवून बांधा.

माझी सगळ्यात हास्यास्पद चूक पुढची. आधीचा गो कुठे आहे हे ‘गोरूट_बूटस्ट्रॅप’ या व्हेरिएबलमध्ये सांगायचं असतं. मी बिन फोल्डरचा पत्ता दिला. एररमधल्या पाथमध्ये ‘बिन/बिन/गो’ असं स्वच्छ लिहिलं होतं, पण मी ‘सापडत नाही’ एवढंच वाचून गो पुन्हा बांधायला घेतला! पत्ता बिनच्या वरच्या फोल्डरचा द्यायचा असतो. एररमधला पाथ अक्षर न अक्षर वाचा.

बांधणीची स्क्रिप्ट चालताना टूलचेन (कंपायलर आणि त्याची जोडसाधनं) १, २, ३ अशा ओळी येतात. पहिली बांधतो जुना गो: सोर्स नवा, पण त्यातला मशीन कोड जुन्याच्या हातचा. म्हणून तिच्याकडून दुसरी, दुसरीकडून तिसरी. काही अडकलेलं नाही, थांबा.

एवढा खटाटोप कशाला, असं लोक विचारतात. कंपायलरमध्ये लपवलेली खोड सोर्समध्ये न दिसता पुढच्या कंपायलरमध्ये उतरू शकते, हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये दाखवलं. (हेच पुढे गोच्या तीन जनकांपैकी एक.) अर्थात माझ्या जीसीसीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवलाच आहे.

मधल्या पायऱ्यांवर फक्त ‘मेक’ची स्क्रिप्ट चालवा. टेस्टसकटची ‘ऑल’ स्क्रिप्ट शेवटच्या १.२४ साठी ठेवा, आणि ती पूर्ण होईपर्यंत मधले फोल्डर पुसू नका. मी १.२२ चा पुसला होता.