वाडा धोकादायक की वाडा धोक्यात? इंग्रजीत धोका सांगताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की महापालिका पेठांमधल्या पडक्या वाड्यांना नोटिसा लावते. माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येणारे एक काका अशाच एका वाड्यात तीन पिढ्यांचे भाडेकरू. जावई इंग्रज, त्यामुळे घरच्या बातम्याही त्यांना इंग्रजीतून कळवाव्या लागतात. नोटीस आली त्या रात्री त्यांनी लिहिलं, 'अवर वाडा इज इन डेंजर.' जावयाचा लगेच उलट प्रश्न आला: कुणापासून? बिल्डरपासून का?

काकांना म्हणायचं होतं की वाडा कधीही अंगावर येईल. लिहिलं गेलं की वाड्यावरच कुणीतरी टपलंय. खरं तर त्या वाड्याच्या बाबतीत दोन्ही खरं होतं, पण ते जाऊ द्या.

चूक काकांची म्हणावी तितकी नाही. मराठीत धोका हा एकच शब्द सगळीकडे चालतो, कारण दिशा दाखवायला आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी आहेत. वाड्याला धोका, वाड्यापासून धोका, वाडा पडण्याचा धोका. तिन्हींत शब्द तोच, अर्थ तीन. इंग्रजीत मात्र बहुतेक वेळा शब्द तरी बदलतो, नाहीतर त्याचं रूप. म्हणून वाक्य लिहिण्याआधी मी विद्यार्थ्यांना एवढंच विचारायला लावतो: कुणापासून, कुणाला? वाडा लोकांना इजा करणार असेल तर तो 'डेंजरस'. वाड्यालाच कुणी इजा करणार असेल तर तो 'इन डेंजर'.

जुन्नरचा बिबट्या हे यासाठी माझं आवडतं उदाहरण. उसातून अंगणात येतो तेव्हा तो डेंजरस. रात्री विहिरीत पडतो आणि पहाटे गाव काठावर जमतं तेव्हा तो इन डेंजर. त्याला बाहेर काढायला पिंजरा सोडणाऱ्यांच्या दृष्टीने तो एकाच वेळी दोन्ही असतो, आणि इंग्रजीत तसं दोन्ही शब्दांत सांगता येतं.

गंमत म्हणजे 'डेंजर' या शब्दाचं मूळच मालक आणि कूळ यांच्या नात्यात आहे. लॅटिनमध्ये 'डॉमिनस' म्हणजे धनी. त्यावरून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता धन्याची सत्ता, त्याचा अधिकार. एखाद्याच्या 'डेंजर'मध्ये असणं म्हणजे त्याच्या मुठीत असणं. हे ऐकल्यावर काका म्हणाले, 'मग माझं वाक्य बरोबरच होतं की!'

'डेंजर' हे विशेषण नाही

हे पुण्यात समजावणं फार जड जातं, कारण आपण दिवसभर त्याला विशेषण म्हणूनच राबवतो. डेंजर माणूस आहे तो. पेपर डेंजर होता. मिसळ डेंजर भारी. इंग्रजीत 'डेंजर' हे नाम आहे. 'डेंजर रोड' नाही, 'डेंजरस रोड'. 'आय अ‍ॅम डेंजर' असं कुणी म्हणालं तर समोरचा हसेल तरी किंवा मागे तरी सरकेल. आणि परदेशी पाहुण्याला मिसळ खिलवताना 'इट इज डेंजरस' म्हणू नका. तुम्ही कौतुक करताय, त्याला वाटेल तुम्ही पाण्याविषयी सावध करताय.

'एन्डेंजर्ड' हा त्याच घरातला शब्द, पण तो सैल हाताने वापरायचा नाही. मुलांच्या प्रकल्पवह्यांत भीमाशंकरचं शेकरू हमखास 'एन्डेंजर्ड' असतं. राज्यप्राणी, कायद्याचं संरक्षण, म्हणजे नामशेष होत असणारच असा हिशेब. कोणता जीव नामशेष होण्याच्या किती जवळ आहे याची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या यादीत मात्र ते सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे. त्या यादीत 'व्हल्नरेबल', 'एन्डेंजर्ड' आणि 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' अशा चढत्या पायऱ्या आहेत आणि तिन्ही मिळून 'थ्रेटन्ड'. माळढोक शेवटच्या पायरीवर आहे, बिबट्या पहिल्या. शेकरू यांतल्या एकीवरही नाही.

हॅझर्डच्या रकान्यात रिस्क

चाकण-भोसरीकडून येणाऱ्या मुलांची सर्वांत जास्त फजिती इथे होते. कारखान्यात प्रत्येक कामाआधी एक तक्ता भरायचा असतो. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'हिरा' होतो. त्यात एक रकाना हॅझर्डचा, पुढचा रिस्कचा. एका मुलाने हॅझर्डखाली लिहिलं होतं 'डेंजर' आणि रिस्कखाली 'ऑइल'. ऑडिटरने तक्ता परत केला. मुलगा म्हणाला, 'सर, सगळं धोकाच तर आहे!'

हॅझर्ड म्हणजे इजा करू शकणारी गोष्ट किंवा स्थिती. प्रेस मशीनपाशी सांडलेलं तेल हा हॅझर्ड. त्यावरून कुणी घसरण्याची शक्यता किती आणि घसरला तर लागेल किती, या दोन्हींचा एकत्र हिशेब म्हणजे रिस्क. तेल पुसलं तर हॅझर्ड गेला. तेल तसंच ठेवून भोवती दोरी बांधली तर हॅझर्ड आहे तिथेच, रिस्क तेवढी कमी झाली. सिंहगडावर तानाजी कडा हा हॅझर्ड. तो शेकडो वर्षं तिथे आहे आणि घरी बसलेल्या माणसाला त्याची काडीचीही रिस्क नाही. कड्याच्या टोकाशी पाठ करून सेल्फी काढणाऱ्याला आहे.

तक्ता भरताना अडलात तर असं करा: हॅझर्डच्या रकान्यात नाम लिहा, सांडलेलं तेल, उघडी वायर, उंचावरचं काम. रिस्कच्या रकान्यात कुणाला काय होऊ शकतं ते लिहा. 'अ वर्कर मे स्लिप अँड ब्रेक अ‍ॅन आर्म.' नुसतं 'स्लिप' लिहून ऑडिटरचं समाधान होत नाही, आणि माझंही.

आपला जोखीम हा शब्द रिस्कच्या सर्वांत जवळ जातो. पण जुन्या मराठीत अंगावरचे दागिने आणि रोकड यांनाही जोखीमच म्हणत. 'जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको,' असं आजी म्हणायची. रोजच्या इंग्रजीत रिस्कचा असा अर्थ होत नाही. विमावाल्यांच्या बोलीत मात्र होतो. विमा उतरवलेल्या मालमत्तेलाच ते 'रिस्क' म्हणतात. म्हणजे आजीचं इंग्रजी विमा एजंटच्या तोडीचं होतं म्हणायचं.

त्याच विमाबोलीत आग, पूर, वादळ यांना 'पेरिल' म्हणतात. पॉलिसीवर 'फायर अँड स्पेशल पेरिल्स' असं छापलेलं असतं ते यासाठी. एरवी बोलताना पेरिल वापरायला जाऊ नका, नाटकी वाटतं.

'निअर मिस'चा घोटाळाही इथलाच. निअर मिस म्हणजे अपघात थोडक्यात टळला. एका अहवालात मी वाचलं, 'निअर मिस हॅपन्ड अँड टू वर्कर्स वेअर इंजर्ड.' दोघं जखमी झाले म्हणजे तो सरळ अपघात झाला. याहून गमतीदार वाक्य होतं, 'वी निअरली मिस्ड द अ‍ॅक्सिडेंट.' याचा अर्थ अपघात जवळजवळ चुकला होता, म्हणजे चुकला नाही.

आता हॅझर्ड लाइट. खंडाळ्याच्या घाटात धुकं उतरलं की निम्म्या गाड्या चारही इंडिकेटर चमकवत पळतात. चौकात सरळ जायचं असलं तरी काही जण तेच करतात. नाव काय तर पार्किंग लाइट. हॅझर्डचा अर्थ पक्का झाला असेल तर हे आपोआप खटकतं. रस्त्यात बंद पडलेली गाडी स्वतःच इतरांसाठी हॅझर्ड असते. तेच ती त्या दिव्यांनी सांगते. चालत्या गाडीने ते लावले की मागच्याला ती उभी आहे की चालली आहे तेही समजत नाही आणि ती वळणार आहे का तेही.

हिंजवडीच्या मेलमधली रिस्क

आयटीतल्या मुलामुलींचा रोग निराळा. त्यांना शब्द माहीत असतात, काळ चुकतो. 'देअर इज अ रिस्क दॅट द सर्व्हर वेंट डाऊन.' जे घडून गेलं ती रिस्क राहत नाही. घडलं की ते 'इश्यू'. रिस्क नेहमी पुढची. क्लायंटला गेलेल्या अहवालात कालच बंद पडलेला सर्व्हर रिस्कच्या यादीत दिसला, तर त्याला वाटणार की तुम्ही लपवालपवी करताय.

'थ्रेट' आणि 'व्हल्नरेबिलिटी' यांची गल्लतही नेहमीची. कुलूप नसलेलं दार ही व्हल्नरेबिलिटी. गल्लीत फिरणारा चोर हा थ्रेट. चोर त्या दाराने आत येऊन किती नुकसान करेल, याचा अंदाज म्हणजे रिस्क. थ्रेटला धमकी असाही अर्थ आहे, पण पुराला आणि रोगालाही थ्रेट म्हणतात, तिथे धमकी कुणी देत नसतं. आणि 'ही थ्रेटन्ड मी दॅट ही विल किल मी' हे अडखळतं. 'ही थ्रेटन्ड टू किल मी' हे थेट.

हिंदी सिनेमांतून आलेलं 'धोका दिला' इंग्रजीत नेताना तर हात जोडतो. 'ही गेव्ह मी डेंजर' असं काही नसतं. तिथे 'चीटेड' किंवा 'बिट्रेड'. आपल्याकडे त्यासाठी दगा हा सरळ शब्द होता, तो वापरला असता तर ही चूकही झाली नसती.

डेंजर मोठा की वॉर्निंग?

उत्तर पाटी कुणाची यावर आहे. यंत्रांवरच्या अमेरिकी पद्धतीच्या पाट्यांत 'डेंजर' सर्वांत वरचा: ऐकलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा ठरलेली. 'वॉर्निंग' म्हणजे तशी इजा होऊ शकते. 'कॉशन' म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते.

मार्केट यार्डाजवळच्या दुकानात कीटकनाशकाची बाटली उचला, तिथे क्रम वेगळा आहे. 1971 च्या नियमांप्रमाणे लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिजहाल. वर कवटी आणि 'पॉयझन'. पिवळ्यावरही 'पॉयझन'. 'डेंजर' येतो तो थेट तिसऱ्या, निळ्या त्रिकोणावर, आणि हिरव्यावर 'कॉशन'. म्हणजे प्रेस मशीनवरचा 'डेंजर' पहिल्या नंबरचा आणि बाटलीवरचा तिसऱ्या. 'डेंजर लिहिलंय म्हणजे हेच सर्वांत जहाल' असं समजून पिवळ्या त्रिकोणाची बाटली हलक्यात घेऊ नका.

हवामान खात्याच्या रंगांनाही शब्द आहेत. पिवळ्याला 'वॉच', नारंगीला 'अलर्ट', लालला 'वॉर्निंग'. बोलताना आपण तिन्हींना सरसकट अलर्ट म्हणतो. खात्याच्या हिशेबात अलर्ट म्हणजे तयारीत राहा आणि वॉर्निंग म्हणजे आता हालचाल करा. भिडे पूल पाण्याखाली गेलाय आणि खडकवासल्यातून विसर्ग वाढतोय, अशा दिवशी नदीकाठच्या नातेवाइकांना इंग्रजीत निरोप पाठवायचा असेल तर हा फरक कामाचा आहे.

'अ‍ॅट ओनर्स रिस्क'

हॉटेलच्या पार्किंगची पाटी. इथे रिस्क म्हणजे नुकसान झालं तर ते सोसण्याची जबाबदारी. म्हणून 'पार्किंग इज रिस्की' हे तिचं भाषांतर नव्हे. जागा धोकादायक आहे असं कुणीच म्हणत नाहीये, फक्त हात वर केलेत. अर्थात पाटी लावली की सुटका होते असंही नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या खटल्यात सांगितलं, की गाडीची चावी हॉटेलच्या माणसाने घेतली असेल तर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा वाक्याने झटकता येत नाही.

उरलेल्या भरभर सांगतो. 'रिस्क टू लूज' नाही, 'रिस्क लूझिंग'. 'टेक रिस्क' नाही, 'टेक अ रिस्क'. दरड कोसळण्याची भीती आहे, हे 'फिअर ऑफ लँडस्लाइड' केलंत तर कुणाच्या तरी मनातलं भय झालं. 'रिस्क' किंवा 'डेंजर ऑफ लँडस्लाइड' म्हणा. 'पेशंट इज सीरियस' हे इथल्या डॉक्टरांना समजतं, बाहेरच्याला वाटतं पेशंट गंभीर स्वभावाचा आहे. 'इन अ सीरियस कंडिशन' म्हणा. आणि 'क्रिटिकल' त्याहूनही वाईट, तो उगाच वापरू नका. 'अ‍ॅक्सिडेंटल झोन' म्हणजे चुकून तयार झालेला भाग. नवले पुलाजवळच्या रस्त्याबद्दल बोलताना 'अ‍ॅक्सिडेंट-प्रोन' म्हणा.

टँकरवरचं 'इन्फ्लेमेबल' मात्र गमतीचं नाही. सुरुवातीच्या 'इन'मुळे अनेकांना वाटतं की हे पेट न घेणारं. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेटणारं. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. महामार्गावर अशा टँकरमागे थांबून सिगारेट पेटवणाऱ्याला हे व्याकरण शांतपणे समजवायला वेळ नसतो.

आणि फाटकावरची पाटी. 'बिवेअर' हे क्रियापद जवळजवळ फक्त आज्ञेतच चालतं, 'आय अ‍ॅम बिवेअर' किंवा 'ही बिवेअर्ड' होत नाही. 'बी अवेअर ऑफ डॉग' असं आमच्याच गल्लीत एका बंगल्यावर रंगवलंय. म्हणजे घरात कुत्रा आहे याची नोंद घ्या. मालकांना मी चूक दाखवली तर म्हणाले, 'बरोबर आहे. म्हातारा झालाय तो, चावत नाही आता.'