रोटरी इंजिन उघडताय? आधी मोजा, मग पार्ट मागवा

माझ्याकडे १९८८ ची माझदा आरएक्स-७ आहे, एफसी म्हणजे दुसरी पिढी, इंजिन साधं बिनटर्बोचं १३बी. हे रोटरी इंजिन, पिस्टनऐवजी आत दोन तिकोनी रोटर फिरतात. इंजिन खोलायच्या आधीच मी हौसेनं अख्खं सील किट मागवून बसलो, आणि खोलल्यावर कळलं की दोन्ही रोटर हाउसिंग (रोटर ज्यात फिरतो ते आतून क्रोम केलेलं कवच) बाद आहेत. हाउसिंगच खराब असेल तर नव्याकोऱ्या सीलचा काही उपयोग नाही, क्रोम उडालेल्या जागेवरून घासून घासून ती पण जाणार. म्हणून सगळ्यांना हेच सांगतोय, टूल आधी घ्या, पार्ट मोजणी झाल्यावर.

टूलमध्ये बरंचसं तुमच्याकडे असतंच. नसतं ते फ्लायव्हीलच्या नटचं सॉकेट, ५४ मिमी (२ १/८ इंचाचं पण बसतं). या नटचा टॉर्क ३९२ ते ४९० न्यूटन मीटर आहे, त्यामुळे पाऊण इंच ड्राइव्हचंच घ्या, सोबत लांब पाइप आणि फ्लायव्हील अडकवून ठेवायचा स्टॉपर, नाहीतर नटाऐवजी इंजिनच फिरत बसतं. नट निघाला तरी फ्लायव्हील टेपरवर घट्ट बसलेलं असतं, पुलर लागतोच, हातोडे मारू नका प्लीज. मोजायला फिलर गेज, चांगली स्ट्रेट एज, ० ते २५ चा मायक्रोमीटर आणि मॅग्नेटवाला डायल गेज. मायक्रोमीटर मी बाबांचा वापरतो, ते शिरोली एमआयडीसीत लेथवर होते तेव्हाचा, कोल्हापूरहून न्यू जर्सीला येताना कपड्यांत गुंडाळून आणला, अजून झिरो बरोबर दाखवतो.

खोलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतली हवा किती दाबतं ते, बघाच. साधा गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो, त्यामुळे एक बाजू मेलेली असली तरी कळत नाही. गेजमधला छोटा व्हॉल्व्ह काढून टाका आणि सुई बघा, तीन उड्या सारख्या पाहिजेत. नेमका आकडा हवा तर रोटरीचाच टेस्टर लागतो, तो तिन्ही बाजू वेगळ्या दाखवतो. खोलताना प्रत्येक सील कुठल्या रोटरचं, कुठल्या कोपऱ्याचं ते लिहून अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा.

आता मोजणी. एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) नवीन असताना ८ मिमी उंच असतं, ६.५ च्या खाली गेलं की बाद. बाजूच्या लोखंडी प्लेटवर साइड सीलनी (रोटरच्या दोन्ही बाजूंच्या वाकड्या पट्ट्यांनी) पायरी पाडलेली असते, ती ०.१० मिमीपेक्षा खोल नको. खोल असेल तर लॅपिंग (घासून सपाट) करून मिळतं, पण ते रोटरीचं काम केलेल्या मशीन शॉपकडेच द्या कारण वरचा नायट्राइडचा कडक थर पातळच असतो.

वर्षाचा घोळ फार होतो म्हणून नीट वाचा. १९८५ पर्यंतच्या १३बी मध्ये एपेक्स सील ३ मिमी जाडीचं, १९८६ पासून २ मिमी. कूलंट सीलची (इंजिनातलं पाणी अडवणाऱ्या रिंगची) खाच पण आधी रोटर हाउसिंगमध्ये होती, नंतर लोखंडी प्लेटमध्ये गेली, त्यामुळे जुनं-नवं मिसळून चालत नाही. १९८९ पासूनच्या एफसीचे रोटर हलके आहेत, ते घेतले तर काउंटरवेट (शाफ्टवरची तोल राखणारी वजनं) पण त्यांचेच घ्यावे लागतात. आरएक्स-८ चं इंजिन तर धरूच नका, त्याचा एक्झॉस्टच बाजूच्या प्लेटमधून निघतो.

सील आणि ओ-रिंग मी माझदाच्या ओरिजिनलच घेतो, वॉशिंग्टन राज्यातल्या अटकिन्स रोटरीसारख्या रोटरीवाल्यांकडे पूर्ण किट मिळतात. स्प्रिंग आणि कूलंट सील जुनी परत कधीच वापरू नका. साइड सील थोडी लांब येतात, कॉर्नर सीलशी (रोटरच्या कोपऱ्यातल्या गोल सीलशी) फट ०.०५ ते ०.१५ मिमी येईपर्यंत टोक बारीक फाइलनं घासायचं, बारा सीलना एक अख्खी संध्याकाळ जाते, घाई केली आणि जास्त घासलं तर ते सील गेलं.

हाउसिंग नवीन परवडत नाही बऱ्याच जणांना, मलाही नाही परवडलं. जुनं घेताना विकणाऱ्याकडून स्पार्क प्लगच्या भोवतीचे आणि दोन्ही कडांचे जवळून फोटो मागा, क्रोम तिथूनच सोलायला लागतं. मला एकानं फक्त समोरून काढलेला छान फोटो पाठवला होता आणि हातात आलं तेव्हा कडेला नख अडकत होतं, पैसे गेले. त्यानंतर मी त्याच वर्षांचं एक बंद पडलेलं अख्खं इंजिन घेतलं, त्यातून दोन चांगली हाउसिंग आणि एक प्लेट निघाली, सुटे घेण्यापेक्षा स्वस्त पडलं. दोन मेलेल्या इंजिनांतून एक जिवंत करणं हा माझ्या मते खिशाला परवडणारा सगळ्यात चांगला रस्ता.

एक पार्ट मात्र इंजिन जोडल्यावरच ठरतो, पुढचा थ्रस्ट स्पेसर, म्हणजे शाफ्टचा पुढेमागे खेळ ठरवणारी रिंग. सगळं आवळून डायल गेज लावून शाफ्ट पुढेमागे हलवा, ०.०४ ते ०.०७ मिमी खेळ पाहिजे. माझा ०.०८ आला, म्हणून वाय अक्षराचा ८.०६ चा स्पेसर काढून व्ही अक्षराचा ८.०४ चा मागवला आणि ०.०६ वर आणला. बदलताना इंजिन पुढची बाजू वर करून उभंच ठेवा, आडवं असलं तर आतलं सुयांचं बेअरिंग जागेवरून घसरतं आणि बोल्ट आवळला की चिरडतं.