मे महिन्यातली बाव

कालावल खाडीत खोतजुवा, पाणखोल जुवा अशी वस्तीची बेटं आहेत. खाडीतल्या बेटाला मालवणीत जुवाच म्हणतात. पर्यटनाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी अशाच एका जुव्यावर पहिल्यांदा गेले ती डिसेंबरात. माड, कांदळवन, पक्षी, सूर्यास्त अशी यादी केली, गुण दिले, आणि दोन दिवसांत बेट पहिल्या वर्गात पास! ज्या काकीच्या पडवीत बसून मी हे गुण देत होते, ती म्हणाली, "आता कित्याक इलंस गो? मे म्हयन्यात ये, मगे बाव बघ."

मेमध्ये गेले. बावीने, म्हणजे विहिरीने, तळ गाठला होता. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या जमिनीत गोड्या पाण्याचा उपसा वाढला की विहीर मचूळ होते, आणि पर्यटकांची गर्दी नेमकी त्याच महिन्यात. शिवाय मी 'भाड्याने देण्याजोग्या' म्हणून मोजलेल्या खोल्यांत मुंबईची नातवंडं झोपलेली. मे आणि गणपती, दोन्ही वेळा चाकरमानी घरी असतात, हे मला सुचलंच नव्हतं.

धारणक्षमतेचं, म्हणजे एका जागेला दिवसाला किती पर्यटक झेपतील याचं, प्राथमिक सूत्र सगळे शिकवतात: मोकळी जागा भागिले माणशी लागणारी जागा, गुणिले दिवसात ती जागा जितक्या वेळा नव्याने भरते तो आकडा. माझं उत्तर बेटाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट आलं. मग पाणी, संडास आणि होडी यांचा हिशेब वेगवेगळा केला आणि त्यातला सर्वांत लहान आकडा धरला. असा अभ्यास करणार असाल तर तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

होडीचं गणित मजेशीर आहे. जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात: अष्टमीला सहा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे 'सकाळी दहाची फेरी' वगैरे कागदावरच. ओहोटीला उथळ जागी होडी चिखलात बसते. एकदा मीच बसले, तासभर.

आकर्षण मोठं म्हणजे गावाचं भलं, असंही धरू नका. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरच्या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा १९८७ सालचा. तिथे समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली २०१८ मध्ये.

प्रश्नावलीत "पर्यटन हवं का?" असं विचारू नका. समोरच्याला वाटतं सरकारी योजना आली, मग तो हो म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा कचरा कुठे जातो ते विचारा. आणि बायकांशी वेगळं बोला. ओटीवर बसून होकार पुरुष देतात, रांधावं मात्र बायकांना लागतं.

शेवटी काकीला विचारलं, एका दिवसाला किती पाहुण्यांचं जेवण जमेल? तिने चुलीकडे बघत बोटं मोजली. "आठ पानां. सोमवारी नको, तेव्हा मासे नसतत."