घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधताना: वायर आणि पार्ट कसे निवडावेत

घरी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर घुमायला लागला की पहिला संशय आयसीवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपवर जातो. आयसी बदलली जाते, मग बोर्ड बदलला जातो, मग कुणीतरी महागडी वायर सुचवतं. घुमणं मात्र जागचं हलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या कामात आयसीची निवड सगळ्यात सोपी आहे. आवाज ठरतो तो ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा धातूचा तुकडा) आणि ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, वायरची वाट, या तीन गोष्टींवर. पैसा पहिल्या दोन गोष्टींवर खर्च करा आणि वेळ तिसरीला द्या.

उदाहरणासाठी एलएम१८७५ ही आयसी घेऊ. पाच पायांची, नवशिक्याला झेपणारी, आणि नीट बांधली तर खरोखर स्वच्छ वाजणारी. स्टीरिओसाठी दोन लागतात. नकली माल बाजारात पुष्कळ आहे, म्हणून भाव संशय यावा इतका कमी असेल तर घेऊ नका. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांत न मिळाली, तर हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणायला सांगा. एखादी जास्तीची मागवा.

आधी वॅट ठरवा

१० बाय १२ फुटांच्या खोलीला प्रत्येक बाजूला १५ वॅट पुरून उरतात. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो, १५ वॅटवर जवळपास १००. वॅट दुप्पट केले तर त्यात फक्त ३ डेसिबलची भर पडते, पण ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि खर्च मात्र चांगलेच वाढतात. मिरवणुकीतल्या डीजेशी स्पर्धा करायची नसेल तर इथेच थांबावं.

ट्रान्सफॉर्मर: छापील आकड्यावर जाऊ नका

या आयसीला पुष्कळदा १८-०-१८ चा, म्हणजे मधल्या वायरच्या दोन्ही बाजूंना १८-१८ व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर सुचवला जातो. आकडेमोड करून बघा. १८ ला १.४१४ ने गुणलं की साधारण २५.५ येतात, डायोडमध्ये थोडे गेले की उरतात डीसी ±२४ व्होल्टच्या आसपास. हे झालं पूर्ण लोडवर आणि २३० व्होल्टवर. रिकामा ट्रान्सफॉर्मर सहज १० टक्के जास्त देतो. त्यात लाइनचं व्होल्टेज २५० पर्यंत चढलं, तर हाच आकडा ±२९ वर जातो. एलएम१८७५ ची कमाल मर्यादा एकूण ६० व्होल्ट, म्हणजे ±३०. इतक्या काठावर मी तरी बांधणार नाही. आसपासच्या कारखान्यांचा लोड उतरला की लाइन चढते. तुमच्या घरी भर दुपारी आणि रात्री उशिरा मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा, आणि मगच ट्रान्सफॉर्मर घ्या.

८ ओमच्या स्पीकरसाठी १५-०-१५, ३ अँपिअर हा माझा आवडता आकडा. डीसी ±२० च्या आसपास येतं, प्रत्येक बाजूला साधारण १५ वॅट मिळतात आणि आयसी आरामात राहते. सोलापुरात मागाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानांची कमतरता नाही. त्यांच्यापैकी कुणी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देतं का, ते विचारून पाहा. देणारा भेटला तर वाइंडिंग तांब्याचंच हवं हे आधीच सांगा. घरी आणल्यावर सेकंडरीला, म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूला, काही न जोडता तासभर चालू ठेवा. नुसता कोमट झाला आणि कान जवळ नेल्याशिवाय गुणगुण ऐकू आली नाही, तर माल चांगला.

प्रायमरीला, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज लावा. साधा फ्यूज लावला तर चालू करतानाच्या झटक्याने तो विनाकारण उडत राहतो. एसीचं डीसी करणारा ब्रिज (चार डायोडचा ठोकळा) २५ अँपिअरचा घ्या, केबीपीसी२५१० सहज मिळतो. एवढ्या करंटची गरज नसते, पण त्याला मधोमध भोक असतं, पत्र्यावर एका स्क्रूने बसतो आणि गरम होत नाही.

फिल्टर कंडेन्सर

२३० व्होल्टची आपली लाइन ५० हर्ट्झची, म्हणून ब्रिजनंतरचे हेलकावे १०० हर्ट्झचे. दोन्ही बाजू पूर्ण आवाजात चालू असताना प्रत्येक रेलमधून, म्हणजे सप्लायच्या प्लस आणि मायनस बाजूंतून प्रत्येकी, साधारण १.३ अँपिअर जातात. ४७०० मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर असेल तर हेलकावा पावणेतीन व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, दोन समांतर लावले तर निम्मा. म्हणून प्रत्येक रेलला ४७०० चे दोन. व्होल्टेज ३५ चंच घ्या, कारण रिकाम्या लोडवर आणि चढलेल्या लाइनवर रेल २४ पर्यंत जाते आणि २५ वाल्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

कंडेन्सरवर ८५ किंवा १०५ अंश छापलेलं असतं. तापमान १० अंशांनी कमी झालं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा या धंद्यातला जुना हिशोब आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, पेटीच्या आत त्याहून जास्त. त्यामुळे सोलापुरात १०५ वालाच घ्यायचा. प्रत्येक रेलला २.२ किलोओम, १ वॅटचा रेझिस्टर समांतर लावा, म्हणजे बंद केल्यावर कंडेन्सर आपोआप रिकामे होतात आणि दुरुस्तीला हात घालताना धोका राहत नाही.

छोटे पार्ट

इथे फार वेळ घालवू नका. सिग्नलच्या मार्गात पाव वॅटचे, १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर. फीडबॅकला २० किलोओम आणि १ किलोओम, म्हणजे गेन, सिग्नल जितक्या पटींनी वाढतो तो आकडा, २१. ही आयसी १० पेक्षा कमी गेनवर स्थिर राहत नाही, म्हणून तो फार खाली आणू नका. इनपुटला १ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर आणि २२ किलोओम, म्हणजे साधारण ७ हर्ट्झपासून वरचं सगळं आत येतं. तिथे सिरॅमिक लावू नका, आवाजात विकृती येते. आउटपुटवर १ ओम आणि ०.२२ मायक्रोफॅरडची जोडी विसरू नका. ती नसेल तर आयसी ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर कंप पावू लागते आणि विनाकारण तापते. सप्लायच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक हवेत. चिकटून म्हणजे बोटाच्या एका पेराच्या आत, लांब पायांनी लोंबकळणारे नकोत. व्हॉल्यूमचा पॉट लॉग प्रकारचाच मागा. लिनिअर दिला तर पहिल्या पाव फेऱ्यातच सगळा आवाज येऊन बसतो.

हीटसिंक: सोलापूरचा उन्हाळा हिशोबात धरा

±२० व्होल्ट आणि ८ ओमवर एका आयसीत वाईटात वाईट वेळी साधारण १३ वॅट उष्णता तयार होते, दोन्हींत मिळून २६. आयसीच्या आतल्या चिपपासून तिच्या पाठीपर्यंत प्रत्येक वॅटला ३ अंश चढतात, अभ्रकाच्या चकतीत आणखी साधारण १ अंश. म्हणजे चिप हीटसिंकपेक्षा ५२ अंशांनी जास्त गरम. चिप १२५ अंशांच्या आत ठेवायची तर हीटसिंक ७३ च्या वर जाता कामा नये. २५ अंशांच्या खोलीत हे जमायला प्रत्येक वॅटला १.८ अंश चढणारा हीटसिंक चालतो. आपल्या मे महिन्यात पेटीच्या आत ४८ अंश धरले, तर तो प्रत्येक वॅटला १ अंशाच्या आसपास हवा. म्हणजे जवळपास दुप्पट मोठा. सर्किटचा नकाशा थंड हवेच्या गावात बनलेला असेल, तर त्यातला हीटसिंक तसाच उचलू नका. गाणी ऐकताना सतत एवढी उष्णता निघत नाही हे खरं, पण ही ढील मला हवीच वाटते.

पाती उभी राहतील असा बसवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. अभ्रकाची चकती, स्क्रूला प्लास्टिकची बुशी आणि दोन्ही बाजूंनी पातळ थर हीटसिंक पेस्टचा. या आयसीची धातूची पाठ आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते. ती थेट पेटीला टेकली तर सप्लाय शॉर्ट होतो. बसवून झाल्यावर मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून पाठ आणि हीटसिंक तपासा. बझर वाजता कामा नये.

वायर

दुकानात वायर १४/३६, २३/३६, ४०/३६ अशी मागतात. पहिला आकडा आतल्या तारांचा, दुसरा गेजचा. क्षेत्रफळ साधारण ०.४, ०.७ आणि १.२ चौरस मिलिमीटर. मेन्सला तीन कोअरची ०.७५ चौ. मिमी, आयएसआय खुणेची. ब्रिज, कंडेन्सर आणि बोर्ड यांच्यामध्ये २३/३६. स्पीकरला ४०/३६. पाच मीटर लांब स्पीकरला जाऊन-येऊन दहा मीटर तार लागते. १४/३६ मध्ये तिचा रेझिस्टन्स ०.४ ओमच्या वर जातो, ४०/३६ मध्ये ०.१५. ४ ओमच्या स्पीकरला हा फरक ऐकू येण्याइतका आहे. याच्यापुढे जाऊन हजारोंची स्पीकर केबल घेण्याची काहीच गरज नाही.

तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम सर्रास विकलं जातं. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर वायर परत करा. बाहेरून पांढरी आणि आतून लाल असेल तर ते कथील चढवलेलं तांबं, ते उत्तम. लायटरच्या ज्योतीत धरलेली अ‍ॅल्युमिनियमची बारीक तार वितळून तुटते, तांब्याची लाल होऊन तशीच राहते.

आता ग्राउंड. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या वायरमधून कंडेन्सर भरणारा करंट सेकंदाला १०० वेळा धक्क्यांनी वाहतो. हे धक्के काही अँपिअरचे असतात. १४/३६ च्या फक्त १० सेंटिमीटर तुकड्यात साधारण ४ मिलिओम रेझिस्टन्स असतो. ५ अँपिअरचा धक्का आला की त्यावर २० मिलिव्होल्ट पडतात. इनपुटचं ग्राउंड चुकून त्याच तुकड्यावर जोडलं असेल, तर हे २० मिलिव्होल्ट गाण्याबरोबर आत जातात आणि २१ पटींनी वाढून स्पीकरवर ४०० मिलिव्होल्टची घुमघुम होते. आयसी कितीही वेळा बदला, ती जाणार नाही.

उपाय असा. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर थेट फिल्टर कंडेन्सरांच्या मधल्या जोडावर आणा. त्या जोडापासून एक छोटी जाड पट्टी बाजूला काढा आणि तिच्या टोकाला बाकीची सगळी ग्राउंडं एकत्र आणा: दोन्ही स्पीकरच्या परतीच्या वायरी, दोन्ही बोर्डांचं पॉवर ग्राउंड, दोन्ही बोर्डांचं सिग्नल ग्राउंड. प्रत्येकाची वायर वेगळी, वाटेत कुठेही एकमेकींना जोडायची नाही. स्पीकरचं काळं टर्मिनलही इथूनच, बोर्डावरून नाही.

इनपुटला शिल्डेड वायर. जाळी एकाच टोकाला, बोर्डाच्या बाजूला जोडा, आणि सिग्नलच्या परतीसाठी आत वेगळी वायर असलेली दोन कोअरची घ्या. आरसीए सॉकेट (इनपुटच्या पिनांची गोल सॉकेट) पत्र्यापासून प्लास्टिकच्या चकतीने वेगळे ठेवा. मेन्सच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या एसी वायरी एकमेकींना पीळ देऊन पेटीच्या कडेने न्या. इनपुटची वायर त्यांना कुठे छेदत असेल तर काटकोनात.

मेन्सचं अर्थिंग पत्र्याच्या पेटीला स्वतंत्र स्क्रूने, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. ग्राउंडचा तो एकत्र बिंदू पेटीला एकाच जागी जोडा. घरचं अर्थिंग खरंच चालू आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की ते कमजोर होतं, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

पहिल्यांदा चालू करताना

थेट प्लग लावू नका. ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब घेऊन सिरीज बोर्ड करा, म्हणजे लाइन त्या बल्बमधून जाऊनच अ‍ॅम्प्लिफायरला पोहोचेल; एलईडी बल्ब इथे चालत नाही. स्पीकर जोडलेला नको, इनपुट शॉर्ट करून ठेवा. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर लगेच बंद करा आणि ब्रिजची दिशा, कंडेन्सरचे प्लस-मायनस आणि अभ्रक पुन्हा तपासा. नंतर दोन्ही रेल मोजा, त्या जवळपास सारख्या हव्यात. मग आउटपुटवरचं डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच सिरीज बल्ब काढा, थेट लाइनवर पुन्हा एकदा मोजा, आणि मग स्पीकर लावा. पहिला स्पीकर जुना, स्वस्तातला असावा.

इनपुट शॉर्ट असताना स्पीकरला कान लावा. काहीच ऐकू येत नसेल तर ग्राउंड जमलं. टीव्ही किंवा कॉम्प्युटर जोडल्यावरच घुमायला लागलं, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नाही, दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये आहे. दोन्ही एकाच बोर्डावरून चालवून बघा. अर्थिंगची पिन कापून हा आवाज घालवू नका, ते जिवावर बेतू शकतं.

सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या शेजारी घर असेल तर सुताची बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकून बसते आणि हवा थांबते. पेटीच्या वरच्या-खालच्या भोकांना बारीक जाळी लावा, आणि मार्च लागला की महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशने पाती झाडा.