बदकांना पाव नको, मग काय द्यायचं?

पावाच्या एका तुकड्याने बदक मरत नाही. पण पाव म्हणजे बहुतांशी स्टार्च. त्याने पोट भरतं आणि किडे, शेवाळ, बिया शोधणं राहून जातं. बुरशी आलेला पाव तर मुळीच नको, बुरशीने पक्ष्यांची फुप्फुसं बिघडतात. उरलेला पाव पाण्यात कुजतो, तो त्रास वेगळाच.

घरच्या किंवा शेततळ्यातल्या बदकांना भरडलेला मका, ज्वारी, सोललेले मटार, बारीक चिरलेली कोबीची पानं द्या. नाशकात द्राक्षांना तोटा नाही, पण फवारणीचा अंश राहतो म्हणून नीट धुवा आणि प्रत्येक मण्याचे चार तुकडे करा. अख्खा मणी घशात अडकू शकतो. चिवडा, फरसाण नको, मीठ फार.

दोन-तीन बदकांना एक मूठ पुरे. थोडं थोडं टाका, तरंगत राहू लागलं की थांबा. कोरडं धान्य पाण्याच्या कडेलाच द्यायचं, बदक घास पाण्यासोबत गिळतं. पिल्लांना हा खाऊ नको, त्यांना प्रथिनं आणि नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) असलेलं खाद्यच हवं. नायसिन कमी पडलं की पाय वाकतात.

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या हळदी-कुंकू या रानबदकांना मात्र काहीच टाकू नका. तिथे दुर्बीण न्या, पिशवी नको.