लॅपटॉपच्या ग्राफिक्स मेमरीचे पॅड बदलताय? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात भाच्याचा गेमिंग लॅपटॉप माझ्याकडे आला. तक्रार अशी की गेम पहिली वीस मिनिटं झकास चालतो, मग अडखळायला लागतो. कोअरचं, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या गाभ्याचं, तापमान ७८ अंश, म्हणजे वरवर सगळं ठीक. मला वाटलं, शेजारची मेमरी तापत असेल. मी खोलला, मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे पॅड काढून भारीतले लावले, बंद केला. त्याच संध्याकाळी कोअर ९५ ला जाऊन बसलं. "मामा, तुम्ही हात लावायच्या आधीच बरा होता की," पोरगं म्हणालं. बरोबरच होतं त्याचं.

चूक अर्ध्या मिलिमीटरची होती. ग्राफिक्स चिपच्या भोवती मेमरीच्या चिप बसवलेल्या असतात आणि या सगळ्यांवर हीटसिंकची, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूची, एकच पट्टी येते. मधल्या कोअरवर थर्मल पेस्टचा केसाएवढा थर पुरतो. मेमरी आणि पट्टी यांच्यात मात्र फट असते, ती भरायला मऊ पॅड. मूळ पॅड १ मिमीचा होता, मी १.५ चा लावला, जाड तेवढा चांगला असं समजून. तो पुरता दबला नाही, पट्टी वर उचलली गेली आणि कोअरवरची पेस्ट नुसती नावाला टेकून राहिली. मेमरी गार करायला गेलो नि कोअर तापवून बसलो.

जाडी मोजतानाही लोक फसतात. काढलेला पॅड वर्षानुवर्षं दाबाखाली असतो, त्यामुळे मधोमध व्हर्नियर लावला तर ०.८ दिसेल आणि तुम्ही गोंधळाल. चिपच्या बाहेर आलेली, न दबलेली कड मोजा. पॅड एकसारखे असतात हेही गृहीत धरू नका. एकाच लॅपटॉपमध्ये मेमरीवर १ मिमी आणि शेजारच्या पॉवरच्या भागांवर १.५ किंवा २ मिमी असू शकतो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि कागदावर नकाशा करून जाडी लिहा. मी हे केलं नव्हतं.

आता खरेदीतली गफलत. पाकिटावर "१२ डब्ल्यू/एमके" (पॅड उष्णता किती चांगली वाहून नेतो त्याचा आकडा) लिहिलेलं दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. पण उष्णतेला होणारा पॅडचा अडथळा जाडीवरही तेवढाच ठरतो: १२ चा २ मिमी पॅड आणि ६ चा १ मिमी पॅड हिशेबाने सारखेच. शिवाय काही जास्त आकड्याचे पॅड खोडरबरासारखे कडक असतात. लॅपटॉपचे स्क्रू बारीक आणि स्प्रिंगचे, ते असला पॅड दाबू शकत नाहीत. बोटाने दाबून सहज खळगा पडेल असा मऊ पॅड घ्या. जाडीबद्दल शंका असेल तर सरळ थर्मल पुट्टी वापरा. कणकेसारखी असते, चिपवर गोळी ठेवली की दाबाने हवी तेवढी पसरते, उंचीचा प्रश्नच मिटतो. मी दुसऱ्या वेळी तेच केलं आणि कोअर ८० च्या आत आलं.

पॅडच्या जागी नुसती पेस्ट थापणं हा आणखी एक उद्योग. तेवढी फट पेस्टने भरत नाही, चार दिवसांत ती बाजूला सरकते. तांब्याचे तुकडे चिकटवण्याचे व्हिडिओही फिरतात. चिपच्या शेजारी उघडे कपॅसिटर असतात, तुकडा सरकून त्यांना टेकला तर बोर्ड गेला. लिक्विड मेटलचं, म्हणजे पेस्टऐवजी वापरतात त्या पातळ धातूचं, नाव मेमरीसाठी काढूच नका. ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं.

हसू नका, पण पॅडची प्लॅस्टिकची फिल्म एका बाजूने काढायची विसरणारे मी दोन जण पाहिलेत.

खोलण्याआधी

आपल्या सोलापुरात निम्मे लॅपटॉप पॅड न बदलताच सुधारतील. भाच्याचं घर अशोक चौकाकडे, गल्लीत लूमचा खडखडाट. मी पंख्याचं झाकण काढलं तर हीटसिंकच्या पात्यांवर सुताच्या तंतूंची पांढरी गादी बसलेली, चिमट्याने धरली तर टॉवेलच्या तुकड्यासारखी सबंध निघाली. साधी धूळ फुंकरीने उडते, ही उडत नाही. आधी चिमटा, मग ब्लोअर, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंगला दणका बसतो.

दुसरं, पोरगं गादीवर चादर टाकून त्यावर लॅपटॉप ठेवायचं. सोलापुरी चादर, तिच्या जाडजूड विणीत खालच्या जाळ्या पार बुजतात. पाट ठेवा, मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणं लावा, फरक लगेच दिसतो.

कूलरच्या तोंडासमोर लॅपटॉप ठेवणारेही आहेत. हवा गार असते, पण तुषार थेट आत जातात. खोली गार करा, लॅपटॉप बाजूला. बाहेर पारा ४२ असताना खोलीत ३६ अंश असतील, तर एसीतल्या २५ अंशांच्या खोलीपेक्षा चिप साधारण ११ अंशांनी जास्तच तापणार. मेच्या दुपारचा आकडा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या आकड्याशी ताडून घाबरू नका.

मेमरीच तापतेय याची खात्रीही करा. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये "मेमरी जंक्शन" (मेमरीच्या चिपचं तापमान) ही ओळ दिसली तर उत्तम, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती नसतेच. तेव्हा आफ्टरबर्नर या ग्राफिक्सचा वेग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त मेमरीचा क्लॉक, म्हणजे वेग, ५०० मेगाहर्ट्झने खाली आणा आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळा. अडखळणं थांबलं तर संशय मेमरीवर. नाही थांबलं तर प्रोसेसर आणि कमी वॉटचा चार्जर हेही बघा. मेमरी ओव्हरक्लॉक करून, म्हणजे मूळपेक्षा जास्त वेगावर, ठेवली असेल तर तो वाढीव आकडा आधी शून्यावर आणा. कोअर थोडं अंडरव्होल्ट केलं, म्हणजे त्याला कमी व्होल्टेज दिलं, तरी पट्टी एकच असल्याने मेमरीला आराम पडतो, आणि त्यासाठी एकही स्क्रू उघडावा लागत नाही.

खोललाच तर

वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. नसेल तर चार्जर काढा आणि पहिल्यांदा बॅटरीचं कनेक्टर सोडवा. त्याआधी लॅपटॉप पाच मिनिटं चालवून बंद केला तर पेस्ट मऊ होते, हीटसिंक ओढाताण न करता निघतो. चिपवरची जुनी पेस्ट आणि पॅडचे अवशेष आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. हीटसिंकवर स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ बऱ्याचदा कोरलेलं असतं, त्याच क्रमाने अर्धे अर्धे आवळा. एक पुरता आवळून मग दुसरा, असं केलं की पट्टी तिरकी बसते.

पॅड लावून एकदा नुसतं बसवा, परत उचला. प्रत्येक पॅडवर चिपचा चौकोनी ठसा उमटला पाहिजे आणि कोअरची पेस्ट चारी कोपऱ्यांपर्यंत पसरलेली दिसली पाहिजे. ठसा नसेल तर पॅड पातळ, पेस्ट मधेच जाडसर राहिली तर पॅड जाड. ही उचल मला त्या संध्याकाळी दहा मिनिटांत सगळं सांगून गेली असती. पाहून झाल्यावर पेस्ट पुसून नवी लावा.

चाचणीला फरमार्क हे सॉफ्टवेअर पुरेसं नाही, ते मुख्यतः कोअरला पिळतं. ओसीसीटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅमची, म्हणजे ग्राफिक्स मेमरीची, चाचणी लावा, किंवा जड टेक्स्चरचा गेम अर्धा तास.

आणि लॅपटॉप थंड असताना, कंपनीचा लोगो येतानाच पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकडी दिसत असेल, तर पॅडवर पैसे घालू नका. तिथे मेमरीची चिप किंवा तिचं सोल्डर गेलेलं असण्याची शक्यता जास्त. ते काम चिप-लेव्हल दुरुस्तीवाल्याचं, आणि त्याने लॅपटॉप न बघता फोनवरच भाव सांगितला तर दुसरा शोधा.